हरणाच्या शिकारीसाठी पंप शॉटगन आणि स्लग नळी: निवडीचा योग्य क्रम आणि नेहमीच्या चुका

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात पहिल्यांदाच हरणाच्या शिकारीला निघालेला माणूस बहुधा चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतो. तो आधी दुकानात जाऊन बंदूक घेतो, मग तिच्यावर बसेल अशी नळी शोधतो, शेवटी शेल्फवर स्वस्तात दिसतील त्या गोळ्या उचलतो, आणि हंगाम तोंडावर आल्यावर रेंजवर गेला की पन्नास यार्डांवरच्या गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या जागेतही पडत नाहीत. मग दोष बंदुकीवर जातो, दुर्बीण बदलली जाते, पैसे पुन्हा खर्च होतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा बिघाड कशातच नसतो; गोळी एका प्रकारच्या नळीसाठी बनवलेली असते आणि नळी दुसऱ्याच प्रकारची असते.

म्हणून या लेखातला क्रम दुकानातल्या क्रमाच्या उलट आहे: आधी कायदा, मग अंतर, मग गोळी, गोळीवरून नळी, नळीवरून बंदूक, त्यानंतर दुर्बीण आणि शेवटी नेम जुळवणे. यातला एक टप्पा जरी पुढेमागे झाला, तरी पुढचे दोन टप्पे पुन्हा करावे लागतात.

उदाहरणासाठी इलिनॉय राज्य आणि तिथले पांढऱ्या शेपटीचे हरीण घेतले आहे. शिकागोच्या उपनगरांत मराठी कुटुंबे बरीच आहेत, आणि हरणासाठी शॉटगनवर मुख्य भर असलेल्या राज्यांपैकी इलिनॉय एक आहे. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार हरणाची शिकार हा गुन्हा आहे; त्यामुळे पुढचे काहीही महाराष्ट्रातल्या वाचकाने स्वतःसाठी लागू समजू नये.

## टप्पा १: पैसे खर्च करण्याआधी कायद्याची बाजू

पहिला प्रश्न व्हिसाचा. एच-१बी, एफ-१ यांसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या व्यक्तीला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. या मनाईला काही अपवाद आहेत, आणि एखाद्या राज्याने दिलेला वैध शिकार परवाना हा त्यांतला एक आहे. मात्र राज्यांचे नियम याहून कडक असू शकतात आणि इथली चूक थेट व्हिसावर बेतते, म्हणून ग्रीन कार्ड नसलेल्या वाचकाने दुकानात जाण्याआधी वकिलाचा लेखी सल्ला घ्यावा. मित्राची बंदूक रेंजवर “फक्त हातात धरून पाहणे” हेही बाळगण्यातच मोडू शकते. ग्रीन कार्डधारकांना ही विशिष्ट मनाई लागू नाही.

इलिनॉयमध्ये बंदूक आणि काडतुसे या दोन्हींसाठी राज्य पोलिसांचे ‘फॉइड’ ओळखपत्र लागते. दुकानात संघीय फॉर्म ४४७३ भरावा लागतो, पार्श्वभूमीची तपासणी होते, आणि खरेदीनंतर ७२ तास थांबल्याशिवाय बंदूक ताब्यात मिळत नाही. १ जानेवारी १९८० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकार परवान्यासाठी सर्वसाधारणपणे शिकारी सुरक्षा अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. हरणासाठीचा परवाना वेगळा असतो आणि तो विशिष्ट काउंटीपुरता मिळतो.

शॉटगनपुरते तिथले नियम असे आहेत: गेज (नळीच्या व्यासाचे माप; आकडा जितका लहान, तितकी नळी रुंद) २० पेक्षा लहान नको आणि १० पेक्षा मोठा नको; काडतूस स्लगचे, म्हणजे एकाच मोठ्या गोळीचेच हवे, छर्ऱ्यांचे चालत नाही; आणि बंदुकीतून सलग तीनपेक्षा जास्त गोळ्या सुटता कामा नयेत. २०२३ पासून ठराविक सरळ-भिंतीच्या (तोंडाकडे निमुळत्या न होणाऱ्या) काडतुसांच्या एकबारी रायफलींनाही तिथे परवानगी आहे, त्यामुळे “इलिनॉयमध्ये शॉटगनच घ्यावी लागते” हे विधान आता पूर्णपणे खरे राहिलेले नाही. तरी एकाच बंदुकीवर नळी बदलून हरीण, टर्की आणि फेझंट असे तिन्ही हंगाम साधायचे असतील, तर पंप शॉटगनला, म्हणजे पुढची मूठ मागेपुढे ओढून काडतूस भरायच्या बंदुकीला, आजही तोड नाही.

तपासा: कुक, ड्युपेज आणि लेक या काउंट्यांत, तसेच केन काउंटीच्या राज्य मार्ग ४७ च्या पूर्वेकडील भागात बंदुकीने हरणाची शिकार बंद आहे. शॉमबर्गसारख्या शिकागोच्या उपनगरात राहणाऱ्याला म्हणजे स्वतःच्या काउंटीत जाता येणार नाही. कोणत्या काउंटीत कोणाच्या जमिनीवर जाणार आहात, हे ठरल्याशिवाय पुढच्या टप्प्याला अर्थ नाही, कारण अंतर जमिनीवरून ठरते. नियम दरवर्षी बदलतात; चालू वर्षाची अधिकृत पुस्तिका वाचूनच पुढे जावे. दुसऱ्या राज्यात हाच अभ्यास नव्याने करावा लागतो.

## टप्पा २: अंतर ठरवणे

ज्या जमिनीवर शिकार करणार, तिथे हंगामाआधी एकदा जाऊन बसण्याच्या जागेवरून हरणांच्या वाटा, ओढ्याचा काठ आणि शेताच्या कडा किती यार्डांवर आहेत, हे लेझर अंतरमापकाने मोजून कागदावर लिहून ठेवावे. डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नये. कापणी झालेल्या मक्याच्या सपाट शेतात १३० यार्ड हे ८० यार्डांसारखे भासतात.

झाडीतच बसायचे असेल आणि दिसणारे अंतर ७५ यार्डांच्या आत असेल, तर साधी गुळगुळीत नळी आणि साधी स्लग पुरेशी आहे. शेताच्या कडेला बसून १०० यार्डांच्या पुढचा विचार असेल, तर आतून पेच कोरलेली (रायफल्ड) नळी घ्यावी. दोन्ही प्रकारच्या जागा असतील तर लांबच्या अंतराचा विचार करून नळी घ्यावी. लांबचे साधणारी नळी जवळचे साधतेच.

## टप्पा ३: गोळीचा प्रकार

दुकानात दिसणाऱ्या स्लग दोन घराण्यांच्या असतात, आणि सगळा गोंधळ इथेच सुरू होतो.

पहिले घराणे नळीच्या व्यासाएवढ्या शिशाच्या स्लगचे. यात फॉस्टर पद्धतीची स्लग सर्वांत प्रचलित आहे: पुढचे टोक जड आणि भरीव, मागची बाजू पोकळ. वजन पुढे असल्यामुळे ती बॅडमिंटनच्या शटलप्रमाणे टोक पुढे ठेवून उडते आणि तिला स्थिर राहण्यासाठी गिरकीची गरज पडत नाही. १२ गेजमध्ये ती साधारण एक औंसाची असते आणि सेकंदाला १६०० फुटांच्या आसपास वेगाने निघते. ब्रेनेके पद्धतीची स्लग याच घराण्यातली असली तरी ती भरीव असते आणि तिच्या मागे वॅड (दारू आणि गोळी यांमधला बोळा) जोडलेले असते; त्यामुळे ती कमी पसरते आणि अधिक खोल जाते.

दुसरे घराणे सॅबो स्लगचे. यात नळीपेक्षा बारीक, बहुधा तांब्याचे आवरण असलेली किंवा पूर्ण तांब्याची गोळी प्लास्टिकच्या खोळीत बसवलेली असते. खोळ नळीतल्या पेचांना पकडते, गोळीला गिरकी देते आणि नळीबाहेर पडताच गळून पडते. वेग सेकंदाला १८०० ते २००० फुटांपर्यंत जातो, मार्ग सपाट राहतो, आणि चांगल्या जुळणीत १०० ते १५० यार्डांपर्यंत नेम धरतो. किंमत मात्र साध्या स्लगच्या कितीतरी पट असते आणि पेटीत बहुधा पाचच गोळ्या असतात. सरावाचा खर्च म्हणून आधीच हिशेबात धरावा.

इशारा: फॉस्टर स्लगच्या पेटीवर ‘रायफल्ड स्लग’ असे छापलेले असते आणि स्लगवर तिरक्या रेघाही असतात. ते वाचून अनेक जण ती रायफल्ड नळीसाठी विकत घेतात. ही गोळी मुळात गुळगुळीत नळीसाठी आहे. त्या रेघांनी म्हणण्यासारखी गिरकी मिळत नाही. चोकमधून, म्हणजे नळीच्या टोकाच्या निमुळत्या भागातून, जाताना शिसे दबायला जागा मिळावी, एवढाच त्यांचा उपयोग असतो. पेचाच्या नळीतून ती उडवल्याने अपघात होत नाही, परंतु पेचांत शिसे भरत जाते आणि नेम दर काही गोळ्यांनी बिघडतो.

याच्या उलट चूक महाग पडते. सॅबो स्लग गुळगुळीत नळीतून उडवल्यास तिला गिरकी मिळत नाही, ती कोलांट्या खाते, आणि ५० यार्डांवर ती कुठे लागेल हे सांगता येत नाही. अशा गोळीने हरीण जखमी होऊन निसटण्याची शक्यता मोठी असते. शिकारीत याहून वाईट काही नाही.

काडतुसाची लांबी हा दुसरा निर्णय. पावणेतीन इंची काडतूस पांढऱ्या शेपटीच्या हरणाला पुरेसे आहे. तीन इंचीचा धक्का खांद्याला जास्त बसतो आणि नवख्याला धक्क्याची धास्ती बसली की तो चाप झटक्याने ओढू लागतो. ती सवय नंतर सहजी सुटत नाही. गेजचेही तसेच. २० गेजमधली आधुनिक सॅबो स्लग १०० यार्डांवर हरणासाठी पूर्ण सक्षम आहे, आणि सडपातळ बांध्याच्या किंवा प्रथमच बंदूक हाताळणाऱ्या व्यक्तीला मी बिनदिक्कत २० गेजच सुचवतो. १२ गेजचा खरा फायदा म्हणजे गोळ्यांचे प्रकार जास्त आणि दुकानातली उपलब्धता चांगली.

## टप्पा ४: नळी

गोळी ठरली की नळीचा प्रकार आपोआप ठरतो. फॉस्टर घेणार असाल तर गुळगुळीत नळी हवी आणि तिचा चोक मोकळा, म्हणजे सिलिंडर किंवा इम्प्रूव्हड सिलिंडर प्रकारचा हवा. टर्कीसाठीचा घट्ट चोक लावून स्लग उडवू नये. सॅबो घेणार असाल तर पूर्ण लांबीभर पेच कोरलेली नळी हवी. पेच असलेली छोटी चोक-नळी गुळगुळीत नळीच्या टोकाला बसवणे हा मधला मार्ग आहे. तो स्वस्त आहे आणि मध्यम अंतरापर्यंत कामही देतो, परंतु दोन-तीन इंचांच्या पेचांत खोळीला पकड बसायला वाव कमी असतो, आणि परिणाम बंदुकीगणिक फार वेगवेगळे निघतात. मी तो फक्त आधीच घरात असलेल्या बंदुकीसाठी विचारात घेईन.

नळीची लांबी २० ते २४ इंच असली की झाले. लांब नळीने नेम सुधारतो हा समज स्लगच्या बाबतीत निराधार आहे. झाडीत आणि मचाणावर आखूड नळीच सोयीची. पेचांचा वेग, म्हणजे गोळी किती इंचांत एक पूर्ण फेरा घेते, हे नळीच्या वर्णनात दिलेले असते. पंप बंदुकांच्या नळ्यांत तो बहुधा ३४ ते ३६ इंचांत एक फेरा असा असतो, तर काही खास स्लग बंदुकांत २८ इंचांत एक फेरा मिळतो. हा आकडा पाहून नळी नाकारण्याची गरज नाही. कोणती सॅबो तिला मानवते हे शेवटी रेंजवरच कळते.

नेमसाधन कसे बसवायचे आहे, यावरून नळीचा उपप्रकार निवडावा. उघड्या नेमसाधनांची नळी ७५ यार्डांपर्यंत उत्तम. दुर्बीण लावायची असेल तर कँटिलिव्हर पट्टी असलेली नळी घ्यावी. या पट्टीचा पाया नळीवरच जोडलेला असतो आणि ती मागच्या बाजूला बंदुकीच्या पेटीवर (रिसीव्हर, म्हणजे बंदुकीचा मधला धातूचा भाग) आलेली असते. पंप शॉटगनमध्ये नळी पेटीत किंचित सैलच बसते. दुर्बीण पेटीवर बसवली तर नळी आणि दुर्बीण एकमेकींपासून स्वतंत्रपणे हलतात, आणि नळी काढून पुन्हा बसवली की नेम बदलतो. कँटिलिव्हरवर दुर्बीण नळीबरोबरच निघते आणि नळीबरोबरच बसते. मी याच प्रकाराची शिफारस करतो.

एक मर्यादा लक्षात ठेवावी. पेचाच्या नळीतून पक्ष्यांचे छर्रे उडवू नयेत. गिरकीमुळे छर्रे बाहेर फेकले जातात आणि मध्ये पोकळ राहिलेले कडे तयार होते. म्हणजे पक्ष्यांसाठी दुसरी, गुळगुळीत नळी लागणारच. तो खर्च टाळायचा असेल तर दोन्ही नळ्यांसह मिळणारे जोडसंच पाहावेत. मॉसबर्ग ५०० मध्ये २८ इंची शिकारी नळी आणि २४ इंची स्लग नळी असा संच मिळतो, आणि सुट्या नळीच्या किमतीचा विचार करता तो फायद्याचा ठरतो.

## टप्पा ५: बंदूक

नवखे इथून सुरुवात करतात; आपण इथे पाचव्या पायरीवर पोहोचलो आहोत, आणि आता निवड सोपी आहे: ठरवलेली नळी जिच्यासाठी नव्याने सहज मिळते आणि जी खांद्याला नीट बसते, ती बंदूक. रेमिंग्टन ८७० आणि मॉसबर्ग ५०० यांच्यासाठी नळ्यांची उपलब्धता सर्वांत मोठी आहे, जुन्या बाजारातही. मॅव्हरिक ८८ ही मॉसबर्गचीच स्वस्त बंदूक असून तिला ५०० च्या बहुतेक शिकारी नळ्या चालतात.

“१२ गेजची आहे, म्हणजे बसेल” हा सर्वांत महाग गैरसमज आहे. नळी घेण्याआधी पुढील बारकावे पाहावेत.

मॉसबर्गमध्ये मॅगझिनच्या, म्हणजे काडतुसे साठवणाऱ्या, नळकांड्याची लांबी महत्त्वाची असते, कारण नळीचे कडे त्यावर अवलंबून असते. शिकारी नळ्या सहा काडतुसांच्या प्रकाराला बसतात. आठ काडतुसांच्या प्रकाराला त्या बसत नाहीत, आणि ५९० तर वेगळीच. मॉसबर्ग ८३५ ची नळी ५०० ला लावायची नाही आणि ५०० ची ८३५ ला नाही. शिवाय ८३५ ची साधी शिकारी नळी नेहमीपेक्षा मोठ्या व्यासाची असल्याने तिच्यातून कोणतीही स्लग उडवू नये, अशी निर्मात्याचीच सूचना आहे; ८३५ साठी तिची वेगळी पेचाची नळीच घ्यावी लागते.

रेमिंग्टन ८७० मध्ये जुन्या पेट्या पावणेतीन इंची काडतुसांसाठी आहेत, तर मॅग्नम पेट्या तीन इंचीसाठी आहेत. १२ गेजच्या मॅग्नम पेटीच्या अनुक्रमांकाच्या शेवटी एम अक्षर असते, आणि पावणेतीन इंची पेटीच्या शेवटी व्ही. व्ही पेटीवर तीन इंची नळी चढते, पण म्हणून ती बंदूक तीन इंची होत नाही. रिकामे काडतूस नीट बाहेर पडत नाही. २० गेजमध्ये जुनी जड चौकट आणि नंतरची हलकी चौकट यांच्या नळ्या वेगवेगळ्या आहेत.

जुनी इथाका ३७ हाती लागली तर अनुक्रमांक पाहावा. ८,५५,००० च्या खालच्या बंदुकांना नळी जुळवून बसवावी लागते. परस्पर बदलता येत नाही.

डावखुऱ्यांसाठी एक सूचना: मॉसबर्ग ५०० चे सुरक्षा-बटण पेटीच्या वर, अंगठ्याखाली असते, त्यामुळे ते दोन्ही हातांना सारखेच सोयीचे आहे. रेमिंग्टन ८७० आणि मॅव्हरिक ८८ मध्ये ते चापाजवळ आडवे असते आणि उजव्या हातासाठी बसवलेले असते.

खांद्याला लावून पाहताना डोळे मिटून बंदूक उचलावी, गाल दस्त्यावर टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. डोळा नळीच्या रेषेत आला तर मापे जुळली. हे जाड जॅकेट घालून करावे, कारण शिकार नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आहे, आणि दुकानात टी-शर्टवर बरोबर वाटलेला दस्ता तेव्हा एक इंचाने लांब पडतो. हलकी बंदूक विकत घेण्याचा मोह आवरावा. स्लगचा धक्का वजनच शोषते.

इशारा: घरात १२ आणि २० अशा दोन्ही गेजच्या बंदुका असतील, तर काडतुसे वेगळ्या पिशव्यांत आणि शक्यतो वेगळ्या दिवशीच बाहेर काढावीत. २० गेजचे काडतूस १२ गेजच्या नळीत घसरून पुढे अडकते. मागून १२ गेजचे काडतूस भरून चाप ओढल्यास नळी फुटते. २० गेजची काडतुसे पिवळी ठेवली जातात ती याच कारणाने. तसेच नळीवर कोरलेल्या लांबीपेक्षा लांब काडतूस कधीही भरू नये. आत शिरते म्हणून ते योग्य ठरत नाही. उडताना त्याचे तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब धोकादायक वाढतो.

## टप्पा ६: दुर्बीण

मोठी वर्धनशक्ती इथे निरुपयोगी आहे. दीड ते साडेचार किंवा दोन ते सात पट पुरे. महत्त्वाचे आहे ते डोळा आणि भिंग यांमधले अंतर: ते किमान साडेतीन इंच असावे, नाहीतर पहिल्याच स्लगला दुर्बिणीची कड भुवईवर बसते. स्लगच्या धक्क्यासाठी योग्य असल्याचे निर्मात्याने स्पष्ट लिहिलेली दुर्बीणच घ्यावी.

कँटिलिव्हरवर दुर्बीण उंच बसते, म्हणून साध्या दस्त्यावर गाल टेकत नाही, हवेत राहतो. अशा वेळी दस्त्यावर बांधायची गालाची गादी लावावी. हा किरकोळ खर्च न केल्यामुळे वाया गेलेल्या गोळ्यांची किंमत त्याहून कितीतरी जास्त होते.

## टप्पा ७: नळी बसवणे

१. मॅगझिन रिकामे करावे, काडतूस बसते तो नळीमागचा कप्पा उघडून डोळ्यांनी पाहावा आणि बोट घालूनही तपासावा. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत.

२. पुढची मूठ अर्धी मागे ओढून ठेवावी. ८७० मध्ये मॅगझिनच्या टोकाची टोपी, आणि मॉसबर्गमध्ये नळीच्या कड्यातला स्क्रू सोडवावा. जुनी नळी सरळ पुढे ओढून काढावी.

३. नव्या नळीचे मागचे टोक आणि कडे फडक्याने पुसावे. कारखान्यातले जाड तेल नळीच्या आतूनही काढावे. तेलकट नळीतली पहिली गोळी भलतीकडे जाते.

४. नळी सरळ रेषेत आत ढकलावी. ती शेवटपर्यंत बसल्याची खात्री झाल्यावरच टोपी किंवा स्क्रू हाताने घट्ट करावा. पक्कड लावू नये.

५. सरावाची निर्जीव काडतुसे घालून मूठ पूर्ण मागे, पूर्ण पुढे अशी किमान दहा वेळा चालवावी. अर्धवट ओढण्याची सवय इथेच मोडावी. अर्धी ओढलेली मूठ दुसरी गोळी अडकवते, आणि ती हमखास हरीण समोर असतानाच.

तपासा: मॅगझिनमध्ये तीन निर्जीव काडतुसे भरण्याचा प्रयत्न करावा. तिसरे आत गेले तर क्षमता मर्यादित करणारा दांडा गायब आहे. कप्प्यातले एक आणि मॅगझिनमधली दोन, अशी तीनच बसली पाहिजेत.

## टप्पा ८: नेम जुळवणे

या टप्प्यासाठी हंगामाच्या निदान महिनाभर आधीचा दिवस ठेवावा, कारण पहिल्या फेरीत निवडलेली गोळी नळीला मानवेलच असे नाही. बरोबर तीन वेगवेगळ्या निर्मात्यांच्या गोळ्यांची एकेक पेटी, वाळूच्या पिशव्या, खांद्याची गादी, डोळ्यांचे संरक्षण आणि कानांसाठी बोळे व वर इअरमफ असे दुहेरी संरक्षण न्यावे. बंदूक गाडीत रिकामी आणि पेटीबंद असली पाहिजे.

पहिली गोळी उडवण्याआधीच बरेच काम होते. कँटिलिव्हरची नळी दुर्बिणीसकट बंदुकीपासून सोडवावी, वाळूच्या पिशव्यांवर ठेवावी, आणि मागून नळीतून पाहत २५ यार्डांवरचे लक्ष्य छिद्राच्या मध्यभागी आणावे. मग नळी न हलवता दुर्बिणीची फुली त्याच लक्ष्यावर आणावी. एवढ्याने पहिली गोळी कागदावर पडते आणि महाग सॅबो वाचतात.

नंतर नळी बसवून २५ यार्डांवर एक गोळी उडवावी. बंदूक पुढच्या मुठीखाली टेकवावी. नळी थेट पिशवीवर टेकवल्यास गोळी वर जाते. दुर्बिणीचा नेम सरकवणाऱ्या चाकाची एक टिचकी बहुधा १०० यार्डांवर पाव इंच सरकवते, म्हणजे एक इंच सरकवायला १०० यार्डांवर ४, ५० यार्डांवर ८ आणि २५ यार्डांवर १६ टिचक्या लागतात. हा हिशेब न केल्यामुळे लोक २५ यार्डांवर चार टिचक्या फिरवतात आणि “दुर्बीण बिघडली” असे ठरवून मोकळे होतात.

२५ वर मध्यावर आले की ५० यार्डांवर जावे आणि तीन गोळ्यांचा गट उडवावा. एकेका गोळीमागे धावून दुर्बीण फिरवू नये. तिन्हींचा मध्य काढावा आणि तोच सरकवावा. प्रत्येक गटानंतर नळी हाताला थंड लागेपर्यंत थांबावे. शिकारीच्या दिवशी गोळी थंड नळीतूनच जाणार आहे.

५० यार्डांवर गट तीन इंचांत आला तर गोळी जुळली. सहा-आठ इंचांचा फैलाव आला तर पुढील क्रमानेच शोध घ्यावा: प्रथम मॅगझिनची टोपी किंवा स्क्रू, कारण स्लगच्या धक्क्याने तो दर काही गोळ्यांनी सैल होतो, मग दुर्बिणीच्या कड्यांचे आणि पट्टीचे स्क्रू, मग नेमबाजाचा खांदा, जो दहा-बारा स्लगनंतर थकलेला असतो, आणि हे तिन्ही ठीक असतील तरच दुसऱ्या निर्मात्याची गोळी. गोळी बदलली की नेम पुन्हा पहिल्यापासून जुळवावा लागतो. दोन प्रकारच्या सॅबो एकाच नेमावर कधीही चालवू नयेत, पेटीवरचे वजन आणि वेग सारखे असले तरीही.

जुळलेल्या गोळीच्या हंगामभराच्या पेट्या त्याच दिवशी, शक्य तर एकाच उत्पादन क्रमांकाच्या, विकत घ्याव्यात. नोव्हेंबरमध्ये त्या शेल्फवर असतीलच याची खात्री नसते.

गुळगुळीत नळीवर फॉस्टर असेल तर नेम ५० यार्डांवरच कायम करावा. सॅबोसाठी १०० यार्डांवर कायम करून १२५ आणि १५० वर गोळी किती खाली पडते, ते प्रत्यक्ष उडवून पाहावे आणि दस्त्यावर चिकटपट्टीवर लिहून ठेवावे. पेटीवरचा तक्ता दुसऱ्या कोणत्या तरी नळीतून काढलेला असतो.

## टप्पा ९: स्वतःची मर्यादा

बाकावरून निघालेला गट ही बंदुकीची मर्यादा झाली. शिकाऱ्याची वेगळी काढावी लागते. सहा इंची कागदी बशी लावावी, शिकारीतलेच जॅकेट आणि हातमोजे घालावेत, आणि गुडघ्यावर बसून किंवा मचाणावर ज्या स्थितीत असणार त्या स्थितीतून पाच गोळ्या उडवाव्यात. पाचही बशीत पडल्या ते शेवटचे अंतर हीच तुमची मर्यादा, मग गोळीच्या पेटीवर २०० यार्ड लिहिलेले असो. हरणाच्या हृदय-फुफ्फुसांची जागा साधारण आठ इंचांची असते. बशी त्याहून लहान घेतली आहे, कारण प्रत्यक्षात हरीण बशीसारखे स्थिर उभे राहत नाही.

इशारा: स्लग “थोड्या अंतरावर पडून जाते” ही समजूत प्राणघातक आहे. ती सपाट जमिनीवरून, गोठलेल्या मातीवरून आणि पाण्यावरून उसळून बरीच पुढे जाते. हरणाच्या मागे मातीचा चढ किंवा उतार दिसत नसेल तर गोळी झाडू नये. मचाणाचा एक फायदा हाच की गोळीची दिशा जमिनीकडे राहते. इलिनॉयमध्ये अंगावर किमान ४०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी कपडा आणि त्याच रंगाची टोपी बंधनकारक आहे.

शिकारीच्या आठवड्यात नळी पुन्हा काढू नये. काढावीच लागली, किंवा बंदूक प्रवासात आपटली, तर रेंजवर दोन गोळ्या उडवून नेम तपासल्याशिवाय जंगलात जाऊ नये. हंगाम संपल्यावर सॅबोच्या खोळीचे प्लास्टिक पेचांत चिकटलेले असते. ते साध्या तेलाने निघत नाही, त्यासाठी प्लास्टिक विरघळवणारे द्रावण आणि पितळी ब्रश लागतो. पेच स्वच्छ झाल्यावर पातळ तेलाचा हात फिरवावा, नळी दुर्बिणीसकट वेगळ्या पिशवीत ठेवावी, बंदूक आणि काडतुसे वेगवेगळ्या कुलपांत ठेवावीत, आणि चिकटपट्टीवर गोळीचे नाव, उत्पादन क्रमांक आणि कायम केलेल्या नेमाचे अंतर लिहून ती पट्टी पिशवीवर लावावी.